गारगोटी, पऱ्हाटी आणि मल्चिंग पेपर : इंधनाच्या उत्प्रेरकाची गोष्ट

आमच्या माजलगावकडं नवीन विहीर खोदली की काठावर मुरूम आणि काळ्या दगडांचा ढीग पडतो. लहानपणी आम्ही पोरं त्या ढिगात चमकणारे खडे शोधायचो. काळा दगड फुटला की कधी कधी आत पोकळी निघायची आणि त्या पोकळीत पांढरे, किंचित गुलाबी, सुयांसारखे नाहीतर पापुद्र्यांसारखे स्फटिक. आम्ही सरसकट सगळ्यांना गारगोटीच म्हणायचो. एमएस्सीला आल्यावर कळलं की त्यातले बरेचसे गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, नव्हतेच. ते झिओलाइट होते. आणि आज प्रयोगशाळेत ज्या पांढऱ्या पावडरीशी माझी रोज गाठ पडते, तीही झिओलाइटच आहे, फक्त माणसाने बनवलेली.

माझा पीएचडीचा विषय थोडक्यात असा : शेतातला काडीकचरा आणि टाकाऊ प्लास्टिक हवा न लागू देता तापवायचं, त्यातून निघालेली वाफ उत्प्रेरकावरून न्यायची आणि जे द्रव हाती लागेल ते इंधन म्हणून चालतं का ते पाहायचं. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा, तिची वाट ठरवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ मध्ये ही संकल्पना मांडली. 'खर्ची न पडणारा' हे पुस्तकातलं वाक्य आहे. ते प्रत्यक्षात कितपत खरं असतं, यावर पुढं येतेच.

सिनॉप्सिस लिहिताना मी गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर वाचले. कोणी उत्प्रेरकात निकेल घातलेलं, कोणी गॅलियम, कोणी छिद्रांचा आकार बदललेला. तक्ता मोठा झाला, पण मला कळेना की हे सगळे लोक नेमकं कशाशी झगडतायत. मग मी उलटं वाचायला सुरुवात केली, म्हणजे जुन्याकडं. पेट देऊन पीएचडीला येणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करावं असं मला वाटतं, म्हणून हा लेख.

उकळणारा दगड

१७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेडने एक खनिज ज्योतीत धरलं, तर ते बुडबुडे येऊन उकळल्यासारखं दिसायला लागलं. त्याने ग्रीक शब्द जोडून नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. उकळत होतं ते दगडाच्या आत अडकलेलं पाणी. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा हा सांगाडा जाळीदार असतो, जाळीच्या पोकळ्यांत पाणी राहतं, तापवलं की निघून जातं आणि सांगाडा जागेवर राहतो.

या खनिजांसाठी आपला दख्खनचा खडक जगभर ओळखला जातो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे गरम पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक वाढवले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही नावं पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींमुळे संग्राहकांच्या तोंडी बसली. पुण्याच्या नावावरून 'पूनालाइट' असं नावही १९व्या शतकात एका झिओलाइटला दिलं गेलं होतं. नंतर ते निराळं खनिज नसल्याचं ठरलं आणि नाव मागं पडलं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा. तिथं काचेमागं ठेवलेले काही नमुने पाहून मला आमच्या विहिरीचा ढीगच आठवला.

आता रसायनशास्त्राचा भाग. १९२५ मध्ये वायगेल आणि स्टाइनहॉफ या दोघांना दिसलं की चॅबझाइट नावाचं झिओलाइट पाणी, मिथेनॉल, इथेनॉल आत घेतं, पण ॲसिटोन, ईथर, बेंझीन घेत नाही. रेणू लहान असेल तर आत, मोठा असेल तर बाहेर. जेम्स विल्यम मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये या गुणाला 'रेणूंची चाळणी' असं नाव दिलं. हा शब्द आज पाठ्यपुस्तकात येतो, आपण परीक्षेत लिहितो, मार्क घेतो आणि विसरतो.

पण हा मॅकबेन कोण? ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे आपल्या एनसीएलचं, उद्घाटन झालं. तिचा पहिला संचालक म्हणजे हाच मॅकबेन. कॅनडात जन्मलेला, ब्रिस्टलमध्ये साबणाच्या द्रावणांवर नाव कमावलेला, नंतर स्टॅनफर्डला शिकवून निवृत्त झालेला. ज्याने झिओलाइटला चाळणी म्हटलं, तो माणूस झिओलाइटने भरलेल्या खडकावर येऊन बसला. हा योगायोगच आहे, मी यातून काही सिद्ध करत नाही. पण हे वाचलं त्या दिवशी मी हॉस्टेलवर चार जणींना उठवून सांगितलं होतं. त्यातली एक इंग्रजी साहित्याची होती, तिने झोपेतच "बरं" म्हटलं.

तेलवाल्यांची वाट

उत्प्रेरक वापरून मोठे रेणू तोडायचं काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कच्च्या तेलावर झालं. फ्रान्सचा युजीन हुड्री १९२० च्या दशकात मुळात लिग्नाइटपासून पेट्रोल करायच्या मागं होता. लिग्नाइट म्हणजे अर्धवट पिकलेला कोळसा, म्हणजे वनस्पतीच. ते परवडेना, म्हणून तो जड तेलाकडं वळला आणि मातीसारख्या उत्प्रेरकावर त्याचं पेट्रोल करून दाखवलं. १९३७ मध्ये अमेरिकेत मार्कस हुक इथं सन ऑइलचा मोठा कारखाना त्याच्या पद्धतीवर चालू झाला.

हुड्रीचं खरं श्रेय मला माती शोधण्यात वाटत नाही. त्याची मुख्य अडचण अशी होती, की काही मिनिटांतच उत्प्रेरकावर काळा कार्बन बसायचा आणि तो निकामी व्हायचा. या थराला कोक म्हणतात. हुड्रीने तो कोक हवा सोडून जाळून टाकला, उत्प्रेरक पुन्हा ताजा केला आणि हे चक्र कारखान्यात बसवलं. उत्प्रेरक खर्ची पडत नाही हे वाक्य खरं करायला एवढी यंत्रणा लागली. आजच्या पेपरांत 'उत्प्रेरकाची पुनर्निर्मिती' हा एक छोटा परिच्छेद असतो, बहुतेक वेळा शेवटून दुसरा.

१९४० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये बॅररने आणि अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या मिल्टनने झिओलाइट प्रयोगशाळेत बनवले. १९६० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांत मातीच्या जागी झिओलाइट आले. १९७२ मध्ये मोबिल कंपनीच्या पेटंटमधून झेडएसएम-५ जगापुढं आला. याची भोकं सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉमची, म्हणजे पेट्रोलमधल्या रेणूंच्या मापाची. मोठा रेणू आतमध्ये तयार झाला तरी बाहेर पडू शकत नाही. मिथेनॉल आत सोडलं की पेट्रोल बाहेर, एवढं हे काम चोख. १९८५ मध्ये न्यूझीलंडने त्यावर कारखानाच उभा केला.

मध्ये तेलाचं संकट येऊन गेलं होतं, १९७३ चं आणि १९७९ चं. त्या काळात मोबिलच्याच वाइझ, हाग आणि रोडवाल्ड यांनी झेडएसएम-५ वरून मक्याचं तेल, एरंडेल, रबराचा चीक असले पदार्थ नेले आणि पेट्रोलसारखं द्रव मिळवलं. हा पेपर १९७९ चा, 'सायन्स' मासिकातला. एरंड आपल्याकडं बांधावर उगवतो, त्यामुळं वाचताना मला वाटलं, झालं की मग काम! चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं असेल तर आपण काय करतोय?

उत्तर मिळालं नव्हतं. तेल चाललं, साखर चालली नाही. लाकडाचा, काडीचा मुख्य भाग म्हणजे सेल्युलोज, तो साखरेचीच साखळी. झेडएसएम-५ वर साखर सोडली की इंधन कमी आणि कोक जास्त. का, हे १९८६ मध्ये चेन, डेग्नन आणि कोनिग यांनी एका साध्या गुणोत्तरात सांगितलं. मला हे गुणोत्तर पहिल्या महिन्यात कोणी शिकवलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते, म्हणून इथं जरा थांबते. वही घ्या.

रेणूतले हायड्रोजन मोजा. त्यातून ऑक्सिजनच्या दुप्पट वजा करा, कारण प्रत्येक ऑक्सिजन पाणी होऊन जाताना दोन हायड्रोजन घेऊन जातो. उरलेल्याला कार्बनच्या संख्येने भागा. याला म्हणायचं परिणामी हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर. नायट्रोजन, गंधक असेल तर त्यांचीही वजाबाकी असते, ती सध्या सोडा.

मिथेनॉल : कार्बन १, हायड्रोजन ४, ऑक्सिजन १. चार वजा दोन, भागिले एक, म्हणजे २. छान चालतं.

सेल्युलोजची एक कडी : कार्बन ६, हायड्रोजन १०, ऑक्सिजन ५. दहा वजा दहा. शून्य!

म्हणजे सेल्युलोजमधला सगळा ऑक्सिजन पाणी करून काढला, तर हायड्रोजन एकही उरत नाही, हाती येतो फक्त कार्बन. आपल्या भाषेत कोळसा. कोळसा पाडणारे लोक पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. वजनात पाहिलं तर १६२ ग्रॅम सेल्युलोजमध्ये ८० ग्रॅम ऑक्सिजन आणि ७२ ग्रॅम कार्बन. निम्मा माल इंधनच नाही.

दुसरा मार्ग, ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड करून काढायचा. मग पाच ऑक्सिजन जाताना अडीच कार्बन घेऊन जातात. उरतात साडेतीन कार्बन आणि दहा हायड्रोजन, मिळून ५२ ग्रॅम. १६२ मधून ५२, म्हणजे ३२ टक्के. ही कागदावरची वरची मर्यादा आहे, आणि त्यातही जे मिळेल ते प्रोपेनच्या जातीचं, वायूकडं झुकणारं. कोणी सांगितलं की बाहेरून हायड्रोजन न घालता शंभर किलो कोरड्या काडीपासून साठ किलो शुद्ध डिझेल काढलं, तर वाद घालू नका, ही वजाबाकी दाखवा.

आता पॉलिथिन. एका कार्बनला दोन हायड्रोजन, ऑक्सिजन नाही. गुणोत्तर २. ज्या हायड्रोजनची काडीला भूक आहे, तो प्लास्टिकमध्ये भरून आहे. दोन्ही एकत्र तापवायची कल्पना इथून येते. पण पाण्याच्या बाटलीचं पेट घेतलं तर? कडीत कार्बन १०, हायड्रोजन ८, ऑक्सिजन ४. पुन्हा शून्य. म्हणजे इंधनाच्या हिशोबात बाटली ही पिशवीच्या नाही, काडीच्या रांगेत बसते. 'प्लास्टिक' हा एकच शब्द वापरून आपण केवढा घोळ करतो ते बघा. पीव्हीसीचं गुणोत्तर तुम्हीच काढा, क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन निघतं हे धरून. आकडा वाईट येणार नाही, पण ते आम्ल रिॲक्टरच्या लोखंडाचं काय करेल ते आकड्यात दिसणार नाही.

इकडं महाराष्ट्रात

एनसीएलमध्ये १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या गटाने झिओलाइट उत्प्रेरक देशात बनवून कारखान्यांपर्यंत नेले. त्यांना 'एन्सिलाइट' हे नाव होतं. त्यातल्या एका प्रक्रियेत अल्कोहोल आणि बेंझीनपासून इथाइलबेंझीन बनायचं, त्यातून स्टायरीन, त्यातून पॉलिस्टायरीन. आपल्याकडं त्या काळात अल्कोहोल म्हणजे मुख्यतः साखर कारखान्याच्या मळीचा. म्हणजे उसापासून प्लास्टिकपर्यंतचा रस्ता झिओलाइटवरून आधी झाला, आणि आम्ही आता प्लास्टिकपासून इंधनाचा उलटा रस्ता शोधतोय.

पण मळीचा अल्कोहोल टाकीतून, पाइपातून, एकसारखा येतो. काडीकचरा तसा येत नाही. त्यावर ज्यांनी काम केलं ते लोक रसायनशाळेतले कमी आणि शेताजवळचे जास्त. फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी १९८१ मध्ये आले आणि त्यांनी उसाचं पाचट, चिपाड अशा सुट्या, हलक्या मालावर चालणारी गॅसिफायर यंत्रं उभी केली. गॅसिफायरमध्ये थोडीशीच हवा देऊन काडी अर्धवट जाळतात आणि जळणारा वायू मिळवतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालल्या, तीच जात. पण कोळशाचे तुकडे आपोआप खाली सरकतात, पाचट मध्येच अडकून बसतं. 'माल खाली सरकत नाही' हा प्रश्न कुठल्याही उत्प्रेरकाच्या पेपरात मला सापडला नाही, फलटणच्या कामात तो मुख्य प्रश्न आहे. राजवंशी यांनी १९९५ मध्ये तालुका स्वतःच्या काडीकचऱ्यावर ऊर्जेत स्वयंपूर्ण होऊ शकतो अशी मांडणीही केली. पुण्याच्या आरती संस्थेत आनंद कर्वे यांनी पाचटाचा कोळसा करायची पद्धत बसवली, तिला २००२ चं ॲश्डेन पारितोषिक मिळालं. आपलं गुणोत्तर आठवतंय ना? शून्य गुणोत्तराच्या मालापासून कोळसा करणं म्हणजे रसायनशास्त्राच्या उताराने जाणं. त्यांनी चढ टाळला, आणि मला तो शहाणपणा वाटतो.

प्लास्टिकची गोष्ट वेगळी घडली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक अलका झाडगावकर यांनी उत्प्रेरक वापरून टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन केल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, आणि बुटीबोरीला प्रकल्पही उभा राहिला. एक किलो प्लास्टिकला जवळजवळ एक लिटर इंधन हा आकडा तेव्हा खूप फिरला. लोक दोन तट करून बसले, चमत्कार म्हणणारे आणि थाप म्हणणारे. हिशोब कोणी करेना. करून बघू. असल्या द्रवाची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.७८ धरली तर एक लिटर म्हणजे ७८० ग्रॅम. एक किलो पॉलिथिनमधून ७८० ग्रॅम द्रव आणि उरलेला वायू व कोक, हे पदार्थविज्ञानाच्या कुठल्याच नियमाविरुद्ध नाही. चमत्कार नाही आणि थापही नाही. विचारायचे प्रश्न निराळे होते : आत गेलेलं प्लास्टिक किती निवडून घेतलेलं, ते तापवायला किती इंधन लागलं, उत्प्रेरक किती खेपा टिकला, आणि ते निवडलेलं प्लास्टिक रोज कोण आणून देणार?

शेवटच्या प्रश्नावर पुण्यात काम झालं. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी 'रुद्र' या नावाने जेजुरीला प्लास्टिकपासून तेल काढणारं यंत्र चालवलं, आणि त्याला लागणारं प्लास्टिक पुण्याच्या घराघरांतून, सोसायट्यांतून स्वच्छ करून गोळा करायची सवय लोकांना लावली. माझ्या मते त्या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा उत्प्रेरक म्हणजे पिशवी धुऊन, वाळवून वेगळी ठेवणाऱ्या पुण्यातल्या बायका. (हे वाक्य मी सेमिनारमध्ये म्हटलं तेव्हा सगळे हसले. मी गंभीर होते.) २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत दिवसाला एक टन प्लास्टिकपासून डिझेल करणारा प्रकल्प सुरू झाला. तिथं जाहीर झालेला आकडा टनाला ८०० लिटर डिझेलचा. घनता ०.८२ धरून वजन काढा, ६५६ किलो, म्हणजे ६६ टक्के. विश्वास बसण्यासारखा आकडा.

काडीचं काय झालं? तिथं सध्या पुढं गेलाय तो जैविक उत्प्रेरक, म्हणजे एन्झाइम. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करायचं उद्दिष्ट. पुन्हा वही : तीन कोटी लिटर म्हणजे साधारण २३,७०० टन, म्हणजे पेंढ्याच्या वजनाच्या सुमारे १२ टक्के. हे मी हिणवायला सांगत नाही. शून्य गुणोत्तराच्या मालाशी झगडताना मोठ्या कारखान्यातही असाच आकडा येतो, एवढं लक्षात असू द्या. आणि ही ओली प्रक्रिया आहे, तिला पाणी लागतं. आमच्या जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पानिपतची नक्कल बीडमध्ये करायची म्हटली तर पहिला प्रश्न एन्झाइमचा नसेल.

बांधावर

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी १०० ग्रॅम पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं बारीक करून, झेडएसएम-५ सोबत तापवली. द्रव आणि कोळसा मिळून ७१ ग्रॅम भरले. मी खूश, द्रवाचा रंग छान होता. मॅडमनी एकच विचारलं, "बाकीचं कुठं गेलं?" वायू मी मोजलाच नव्हता. बरं, त्या द्रवात किती पाणी होतं तेही नाही. काडीच्या कच्च्या तेलात पाव हिस्सा पाणी सहज असतं. वस्तुमानाचा ताळा जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे लव्हाझिएच्या काळापासून माहीत असलेलं मला हॉस्टेलच्या दुसऱ्या दिवाळीत कळलं.

त्या सुट्टीत गावी अण्णांना विषय सांगितला. आमच्याकडं कापूस निघाला की पऱ्हाटी उपटून काही चुलीला ठेवतात, बाकीची बांधावर पेटवतात. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर तर पऱ्हाटी रानात ठेवूच नका असं सगळे सांगायला लागले. शेजारी टरबूज-मिरची लावणाऱ्यांचा मल्चिंग पेपर हंगाम संपल्यावर त्याच बांधावर येऊन पडतो. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो, मातीने भरलेला फाटका पेपर कोणी घेत नाही, तोही पेटतो. मी म्हटलं, अण्णा, एकाला हायड्रोजन पाहिजे, दुसऱ्याकडं आहे, आणि दोघं एकाच बांधावर पडलेत. ते म्हणाले, "म्हणजे काड्यांचं डिझल करायलीस व्हय? कर की. पण पेपर पुरंल का तेवढा?"

रसायनशास्त्राच्या तीन परीक्षा दिलेल्या मला हा प्रश्न सुचला नव्हता. रात्री हिशोब केला. मिश्रणाचं गुणोत्तर निदान १ यायला हवं असेल तर सेल्युलोजच्या एका कडीमागं पॉलिथिनचे सहा कार्बन लागतात. १६२ ग्रॅमला ८४ ग्रॅम. ढोबळमानाने दोन भाग काडी, एक भाग प्लास्टिक. पऱ्हाटीत लिग्निनही असतं, त्यामुळं थोडं इकडं-तिकडं, पण तोंडी हिशोबाला हे चालतं. एकरी पऱ्हाटी साधारण एक टनाच्या आसपास धरा. म्हणजे अर्धा टन प्लास्टिक पाहिजे.

मल्चिंग पेपर २५ मायक्रॉनचा. एकरात ४,००० चौरस मीटरहून थोडी जास्त जागा, त्यातली ६० टक्के झाकली तर सुमारे २,४०० चौरस मीटर. जाडीने गुणलं, घनतेने गुणलं, आले ५५ किलो. लागतात ५००, आहेत ५५. तेही ज्या एकरात मल्चिंग आहे तिथं, आणि कापसाच्या बहुतेक रानांत ते नसतंच.

म्हणजे एकाच बांधावरचं लग्न जमत नाही. प्लास्टिक माजलगाव, परळी, बीड अशा शहरांतून यावं लागेल, नाहीतर पऱ्हाटीचा कोळसाच करावा आणि प्लास्टिक स्वतंत्र वितळवावं. पऱ्हाटी फुलून बसणारी, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. ती शहराकडं नेण्यापेक्षा प्लास्टिकच्या गठ्ठ्या गावाकडं आणणं सोपं, हेही त्या रात्रीच्या कागदावर लिहिलंय.

दुसरी अडचण पोटॅशची. काडीच्या राखेत पोटॅशियम असतं, पाचटात तर भरपूर. झेडएसएम-५ काम करतो तो त्याच्यावरच्या आम्लधर्मी जागांमुळं, आणि पोटॅशियम त्या जागा अडवून बसतं. कोक जाळून टाकता येतो, हुड्रीने तेच केलं. पोटॅशियम जळत नाही. प्रत्येक खेपेला थोडं थोडं साठत जातं. मातीने माखलेल्या पेपरावरून येणारी काळी माती वेगळीच. विकत आणलेलं शुद्ध सेल्युलोज आणि पॉलिथिनचे स्वच्छ दाणे वापरलेले पेपर मी पुन्हा काढून पाहिले, तेव्हा ही अडचण त्यांत का दिसत नाही ते लगेच कळलं.

मग सिनॉप्सिस बदललं. नवा उत्प्रेरक बनवायचा हा भाग काढून टाकला. बाजारात मिळणारा साधा झेडएसएम-५ घ्यायचा, आमच्याच तालुक्यातली पऱ्हाटी आणि बांधावरचा पेपर जसाच्या तसा घ्यायचा, आणि किती खेपांनंतर उत्प्रेरक कोक जाळूनही परत येत नाही ते मोजायचं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, यात नवीन काय? मी वरचा ५५ किलोचा हिशोब फळ्यावर मांडला. विषय मंजूर झाला, पण 'नवीन उत्प्रेरक' हा शब्द शीर्षकात हवा होता असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे.

काडी आधी पाण्याने धुतली तर पोटॅशियम बरंचसं निघून जातं, हे जुन्या कामांवरून माहीत आहे. पण पऱ्हाटी निघते त्यानंतर उन्हाळा, आणि आमच्याकडं एप्रिलमध्ये टँकर लागतो. म्हणून सध्या एक किलो पऱ्हाटीला कमीत कमी किती पाणी पुरेल, आणि तेच पाणी किती वेळा फिरवता येईल, एवढंच मोजतेय. ओव्हनमध्ये १०५ अंशाला सहा डिशेस वाळत ठेवल्यात, उद्या सकाळी वजनं घ्यायची आहेत.